गाठ

कापसाची गाठ आधी बाहेरून विझते.
हे ट्रेनिंगमध्ये नव्हतं.
जिनिंगमधल्या लटारी नावाच्या बुढ्या हमालानं सांगितलं,
कानावरची बिडी सावरत:
"डायवर, वरून काळी झाली म्हंजे विझली असं नोको समजू.
मंधात बोट घालून पाह्य.
तीन-तीन दिवस जयते थे, गुपचूप."

मी हसलो होतो.
माझं काम गाडीचं. नगर परिषदेची लाल गाडी,
दुसरा गिअर हट्टी,
क्लच पार खालपर्यंत दाबावा लागे.
आग म्हणजे माझ्यासाठी आधी रस्ता:
बस स्टँड, कोर्टाचं वळण, नाल्याचा पूल,
मग धूर.

एप्रिलच्या त्या दुपारी पाइप ओढायला माणूस कमी पडला
म्हणून उतरलो, आणि थप्पी हलली.
पावणेदोन क्विंटलची एक गाठ
काही आवाज न करता,
गाय बसते तशी
माझ्या डाव्या पायावर बसली.

पुढचं सेवाग्रामला.
गुडघ्याखाली चार बोटं ठेवून बाकीचं काढलं.
कागदावर सही कुंदानं केली
आणि पेन परत द्यायला विसरली.
ते निळं पेन अजून घरी आहे.
किराण्याचा हिशोब ती त्यानंच लिहिते.

घरी आलो तेव्हा पोरीनं
माचिस पिठाच्या डब्यात लपवली होती.
शेजारपाजारचे आले, बिस्किटांचे पुडे घेऊन.
"जीव वाचला हेच पुष्कळ," म्हणाले,
आणि दारातल्या एकुलत्या चपलेकडे पाहत राहिले.
मी हो हो म्हणत होतो.
वरून काळा झालो होतो.

लटारी बिस्किटं न घेता आला.
खाली बसला. विचारलं, "मंधात कसं हाय?"
मी काही बोललो नाही.
तो तासभर बसून गेला
तेव्हा अंगणात बिडीची दोन थोटकं होती,
एक माझं.

रात्री, नसलेली टाच खाजायची.
कुंदा अर्ध्या झोपेत हात लांबवून
चादरीवरची तिथली रिकामी जागा खाजवायची.
एकदा म्हटलं, तिथं काही नाही गं.
"माहीत हाय. पण थांबते ना?"
थांबायची.

नवा पाय आला. फायबरचा,
आमच्या उन्हात कोणाचाच नसतो एवढा गोरा.
पहिल्या दिवशी मोरीपर्यंत.
महिन्यानं पऱ्हाटीच्या ढिगापर्यंत,
कापूस देऊन झालेल्या, वाळलेल्या त्या काटक्या.
एका सकाळी आंघोळीच्या पाण्याखाली मीच जाळ केला.
तीन काड्या वाया गेल्या, चौथी धरली.
मागे वळलो तर पोरगी
गडवाभर पाणी घेऊन उभी.
केव्हापासून उभी होती, कोण जाणे.

आता मी फोनवर बसतो.
टेबल, रजिस्टर, खडखडणारा पंखा.
माणूस आधी पत्ता सांगत नाही,
आधी श्वास सांगतो.
"जयते हो, जयते," एवढंच.
मी विचारतो, काय जळतंय दादा, गोठा का गंजी?
ढोरं सोडली का?
वरून तार जाते का?
मग हळूहळू त्याच्या तोंडात
त्याच्या गावाचं नाव येतं.

परवा तुरीच्या कुटाराची गंजी.
गाडी निघाली, मी वेळ लिहिली, सहा बारा.
प्रणय कुमरे चालवतो आता, चांगला पोरगा आहे, घाई करतो.
कोर्टाच्या वळणावर त्यानं दुसरा टाकला,
दातांचा खरडा इथवर ऐकू आला
आणि टेबलाखाली
माझ्या नसलेल्या पायानं
क्लच पार खालपर्यंत दाबला.

गिअर पडला.